जीटी ७३० नावाचं कार्ड आणि त्याचा नेमका ड्रायव्हर

पडद्यावर एक चौकोन काढला आणि पट्टी लावून मोजला. उंची सहा सेंटिमीटर, रुंदी आठ. फाइलमध्ये तो चारी बाजूंनी सारखा होता, छापूनही सारखाच येत होता. पडद्यावर मात्र सगळंच आडवं ताणलेलं. अनुस्वाराचे ठिपके लांबट, रफार पसरलेले, देवीच्या फोटोमागची गोल प्रभावळ लंबगोल.

माझं गोव्यात डिचोलीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, काम आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं वर्षभर असतात, पण खरा हंगाम दिवाळी सरली की सुरू होतो. नवा सोमवार, मग गावोगावच्या जत्रा, कालो, वर्धापनदिन, आणि बहुतेक उत्सवांत एक तरी मराठी नाटक. देवस्थानची कार्यक्रमपत्रिका, नाटकाची हस्तपत्रिका, देणगीदारांची यादी हे सगळं समित्यांकडून येतं आणि ‘उद्या पाहिजे’ म्हणूनच येतं. दोन शब्दांमधली जागा, शीर्षकाचा तोल, चौकटीची रुंदी या गोष्टी आम्ही डोळ्यांनी ठरवतो. पडदाच सगळं एक तृतीयांशानं रुंद दाखवत असेल तर हात नकळत अक्षरं आवळायला लागतो आणि छापून आलेली पत्रिका दाटलेली दिसते.

संगणक जुना आहे. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, आणि २०१५ साली घेतलेलं जीफोर्स जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. तो बदलत नाही याला कारण आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये केलेल्या कित्येक देवस्थानांच्या फाइली त्यात आहेत आणि त्या उघडणारं सॉफ्टवेअर एका डाँगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं. नव्या मशीनवर तेच पान उघडलं की जोडाक्षरं फुटतात, ओळी सरकतात. जुन्या पत्रिकेतली नावं, मानकऱ्यांचा क्रम, पालखीचा मार्ग हे सगळं दरवर्षी त्याच फाइलवरून पुढे येतं. त्यामुळे हा संगणक टिकवणं ही माझ्यासाठी धंद्याची गरज आहे आणि थोडी गावाची ठेव सांभाळण्याची गोष्टही आहे.

चवथीनंतर त्याची हार्ड डिस्क आवाज करायला लागली. फाइलींची नक्कल काढली, नवी एसएसडी बसवली, विंडोज १० नव्यानं टाकलं. त्याच्या पाठोपाठ हा ताणलेला पडदा आला.

कारण समजायला वेळ लागला नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली संगणकाच्या भागांची यादी, उघडला तर कार्डाच्या नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम. विंडोजला कार्डाचा ड्रायव्हर मिळाला नाही की ते हा कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. चित्र दिसतं, पण कार्डाच्या ताकदीचा उपयोग होत नाही. आकृत्या काढण्याचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, मोठं पान वरखाली केलं तरी ते तुकड्यातुकड्यांनी सरकतं. माझ्याकडे पडदा १०२४ गुणिले ७६८ वर अडकला होता. हे चारास तीन प्रमाण, आणि माझा मॉनिटर सोळास नऊचा. एकाला ओढून दुसऱ्यावर बसवलं की रुंदी बरोबर एक तृतीयांशानं वाढते. सहाचे आठ झाले ते असे.

आणखी एक खूण सांगून ठेवतो, कारण ती पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. बंद करण्याच्या मेनूतून ‘स्लीप’ हा पर्याय गायब होतो. लोक याचं कारण पॉवर सेटिंगमध्ये शोधत बसतात. खरं म्हणजे बेसिक ड्रायव्हरला कार्ड झोपवता येत नाही, म्हणून विंडोज तो पर्यायच काढून टाकतं.

त्या आठवड्यात एक पत्रिका द्यायचीच होती. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत प्रमाण चारास तीन करता येतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण चौकोन चौकोन झाला. तेवढ्यावर ते काम निभावलं.

संगणकाला नेट जोडलं असतं तर विंडोज अपडेटनं कदाचित ड्रायव्हर आपणहून आणला असता. पण मागे एका मोठ्या अपडेटनंतर डाँगल ओळखणं बंद झालं होतं, म्हणून हे मशीन मी मुद्दाम नेटपासून लांब ठेवतो. विंडोज १० चा सुरक्षेच्या अपडेटचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यानंतर तर तसं ठेवणं मला अधिकच बरं वाटतं. ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून न्यायचा, हे ठरलेलंच होतं.

पणजीत चौकशी केली तर एका दुकानात ‘नवीन कार्डच घ्या’ असा सल्ला मिळाला. सल्ला वाईट हेतूनं दिला होता असं मी म्हणणार नाही, पण जुन्या मदरबोर्डला आणि जुन्या पॉवर सप्लायला नवं कार्ड मानवेलच असं नसतं. शिवाय कार्ड धडधाकट होतं. हवी होती ती एक फाइल.

घरच्या लॅपटॉपवर शोधायला बसलो. इथे एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. ड्रायव्हर शोधायला गेलं की पहिल्या पानभर ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ सांगणारे प्रोग्रॅम समोर येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते अंदाजानं काहीही बसवतात, सोबत नको असलेलं सामान आणतात आणि शेवटी पैसे मागतात. ड्रायव्हर हा विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो, तिथे अनोळखी माणसाची फाइल सोडणं म्हणजे घराची किल्ली देणं. चिप बनवणाऱ्या कंपनीचं पान, नाहीतर मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग, नाहीतर संगणक ज्या कंपनीचा आहे तिचं पान. याच्या पलीकडे मी जात नाही.

माझ्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या पानावर मालिका निवडली, जीटी ७३० निवडलं, विंडोज १० ६४ बिट निवडलं. ४७० च्या घरातला ड्रायव्हर आला. पेन ड्राइव्हवर घेतला, माझ्या दुकानात येऊन चालवला. सुरुवातीची तपासणी झाली आणि निरोप आला, या ड्रायव्हरला जुळणारं ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही. कार्ड समोर बसलेलं, पंखा फिरतोय, खोक्यावर ठळक अक्षरांत जीटी ७३०. आणि इन्स्टॉलर म्हणतो, कार्डच नाही.

माझी भाची फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकते. तिला फोन लावला.

“मामा, खोक्यावर काय लिहिलंय ते राहू दे. कार्डाचा आयडी वाचून दाखव.”

तिनं सांगितलेली वाट अशी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात ‘डिटेल्स’चं पान, आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. बेसिक ड्रायव्हर असतानाही ही ओळ दिसते, हे महत्त्वाचं. लांबलचक ओळीतले दोनच तुकडे लागतात. ‘व्हीईएन’च्या पुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप कोणाची, आणि ‘डीईव्ही’च्या पुढचे चार म्हणजे चिप नेमकी कोणती. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलनं १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचा आकडाच इथे ओळख म्हणून वापरला आहे, हे मला फार आवडलं.

माझ्या ओळीत १०डीई होतं, पुढे ०एफ०२.

“त्यात इंग्रजी ओ नाही ना? दोन्ही शून्यंच?” तिनं विचारलं. शून्यंच होती. थोड्या वेळानं तिचा उलट फोन आला. “मामा, तुझं कार्ड फर्मी आहे. पानावर जे मिळालं ते केप्लरसाठीचं.”

गोष्ट अशी आहे की जीटी ७३० या एका नावाखाली २०१४ साली तीन प्रकारची कार्डं बाजारात आली. फर्मी आणि केप्लर ही एनव्हिडियाच्या चिपच्या दोन पिढ्यांची, घराण्यांची, नावं. दोघांत केप्लर घराण्याची जीके२०८ चिप आहे, ३८४ कोर आणि ६४ बिट मेमरी असलेली. तिसऱ्यात फर्मी घराण्याची जीएफ१०८ आहे, ९६ कोर आणि १२८ बिट मेमरीची. तिसरं कार्ड आतून एक पिढी जुनं. केप्लरच्या जीटी ७३० चा आयडी सहसा १२८७ असतो, फर्मीचा ०एफ०२. नावावरून हे कळायला काही मार्ग नाही. खोक्यावर ‘१२८ बिट डीडीआर-३’ असं लिहिलेलं असेल तर संशय घ्यायला जागा आहे, पण जुनी खोकी कोणाकडे राहिलेली असतात?

घराणं कळलं की ड्रायव्हर कुठे थांबतो ते कळतं. केप्लरची साखळी ४७० च्या शाखेवर थांबली. फर्मीची ३९० वर, आणि विंडोजसाठी तिथला माझ्या कामाचा ड्रायव्हर म्हणजे मार्च २०१८ चा ३९१.३५. त्याच्याही मागचं, जीफोर्स ८००० पासून जीफोर्स २१० पर्यंतची जुनी कार्डं ज्यात येतात ते टेस्ला घराणं डिसेंबर २०१६ च्या ३४२.०१ वर संपतं. ३९० नंतर ३२ बिट विंडोजसाठीही एनव्हिडियानं ड्रायव्हर काढणं बंद केलं, म्हणजे ज्यांचं विंडोज ३२ बिट आहे त्यांना केप्लर कार्ड असूनही ३९१.३५ च्या पुढे जाता येत नाही. जुन्या कार्डाला सर्वात नवा ड्रायव्हर मागण्यात अर्थ नाही. त्या चिपला ओळखणारा शेवटचा ड्रायव्हर कोणता, हा खरा प्रश्न आहे.

मला मात्र कानानं ऐकून पुरलं नाही, डोळ्यांनी बघायचं होतं. ड्रायव्हरची फाइल म्हणजे गुंडाळलेलं गाठोडंच, ती सेव्हन-झिपनं उघडता येते. दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सोडवले. आत ‘डिस्प्ले.ड्रायव्हर’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात आयएनएफ फाइली. हा ड्रायव्हर कोणकोणत्या चिपसाठी आहे त्याची पूर्ण यादी त्यात साध्या मजकुरात लिहिलेली असते, नोटपॅडमध्ये उघडते. ४७० च्या फाइलमध्ये ०एफ०२ शोधलं, काही मिळालं नाही. १२८७ शोधलं, मिळालं, समोर जीटी ७३०. मग ३९१.३५ ची फाइल उघडली. ०एफ०२ शोधलं आणि पट्टी थेट त्या ओळीवर जाऊन थांबली, समोर तेच नाव, जीफोर्स जीटी ७३०. १२८७ही त्याच यादीत होतं. एकच नाव, दोन आकडे, आणि एका यादीत दोन्ही तर दुसरीत एकच. त्या क्षणी मला सगळा घोळ आरपार दिसला. मोठमोठे ड्रायव्हर बसवून बघण्यापेक्षा हा शोध किती सोपा आहे! ज्यांच्याकडे जुनी मशीनं आहेत त्यांनी हे एकदा करून बघावंच.

काही जण याच आयएनएफ फाइलमध्ये आपल्या कार्डाचा आकडा हातानं घालून नवा ड्रायव्हर जबरदस्तीनं बसवायला सांगतात. त्यानं दोन गोष्टी होतात. फाइल बदलली की तिची डिजिटल सही मोडते आणि ६४ बिट विंडोज ती नाकारतं. आणि नव्या ड्रायव्हरच्या आत जुन्या चिपसाठीचा कोडच नसेल तर यादीत आकडा घालून तो कुठून येणार?

बसवण्याआधी कार्ड एकदा तपासून घ्यावं असं वाटलं, कारण पंख्याचा आवाज वाढला होता. अस्नोड्यावरून म्हापशाला गेलो. तिथे एक जुने दुरुस्तीवाले आहेत, बोर्डावरचं काम अजून हातानं करणारे. “पळोवया,” बघूया, म्हणत त्यांनी कार्ड हातात घेतलं. आधी पंखा काढला, त्याखाली वाळलेल्या पेस्टचा राखाडी थर. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं तो हळूहळू पुसला तेव्हा चिपचा आरशासारखा चौकोन उघडा पडला. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं वाचता आली. जीएफ१०८. आयडीनं सांगितलेलं चिपनंही सांगितलं.

मग त्यांनी शाळेच्या मुलांचा खोडरबर घेतला आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या एका दिशेनं घासल्या. रबरावर काळी रेघ उठली. “आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, भाऊ. संपर्क खराब झाला की लोक ड्रायव्हरला दोष देतात,” ते म्हणाले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. योग्य ड्रायव्हर बसूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ हा बिघाडाचा निरोप दिसला, तर अजून दहा ड्रायव्हर उतरवण्याआधी कार्ड काढून पट्ट्या पुसाव्यात आणि परत नीट दाबून बसवावं. नवी पेस्ट लावली, पंखा साफ झाला, कार्ड परत आणलं.

प्रत्यक्ष बसवणं थोडक्यात झालं. फाइलवर उजवी क्लिक करून डिजिटल सही एनव्हिडियाचीच आहे ना ते बघितलं. इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर ठेवला, खेळांसाठीचं बाकी सगळं काढलं. आधीचा कुठलाच ड्रायव्हर नसल्यामुळे सफाईची गरज नव्हती. अर्धवट बसलेला जुना ड्रायव्हर असेल तर मात्र सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनानं तो काढून मग पुढे जावं. मध्येच पडदा काही सेकंद काळा होतो. त्या वेळी बटण दाबून संगणक बंद करायचा नाही, नुसतं थांबायचं.

पडदा परत आला तो १९२० गुणिले १०८० घेऊनच. तोच चौकोन उघडला, पट्टी लावली, दोन्ही बाजू सारख्या. ‘स्लीप’ परत आलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती २३.२१.१३.९१३५ अशी दिसते, त्यामुळे काही जण गोंधळतात. तिचे शेवटचे पाच अंक घ्या, ३९१३५. तोच ३९१.३५. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला, त्यावर कार्डाचा आयडी आणि ड्रायव्हरचा आकडा, आणि फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली. कंपन्यांची पानं बदलतात, जुने दुवे तुटतात, तेव्हा हाती असलेली फाइल फार मोलाची असते.

हे सगळं कानावर गेल्यावर साखळीजवळच्या एका गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह भेटायला आले. त्यांच्याकडे दोन दान आलेले संगणक, दोन्हींवर पडदा धूसर. मुलं मराठी टंकलेखन शिकतात, म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचतात, एवढंच काम. पण ही मशीनं नेटला जोडलेली असणार, म्हणून तिथे विंडोज १० वर राहणं मला पटेना. भाचीला सोबत नेलं आणि विंडोजच्या जागी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून बघितली.

पहिल्या मशीनमध्ये जीफोर्स २१० निघालं. लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ एवढं लिहिलं की चौकटी कंसात तेच दोन आकडे दिसतात, १०डीई आणि ०ए६५, आणि खाली सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे तेही. या कार्डासाठी एनव्हिडियाचा लिनक्सवरचा शेवटचा ड्रायव्हर ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा. तो आजच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, जसाच्या तसा बसत नाही. मी तर बसवायला जाऊच नये म्हणतो, कारण नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. तो कार्डाची पूर्ण गती वापरत नाही, खेळांसाठी कामाचा नाही. पण वाचन, टंकलेखन, साधे व्हिडिओ यांना पुरतो. सुरुवातीला पडदा काळा राहिला म्हणून भाचीनं मेनूतून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घेतला. तो ‘नोमोडसेट’ हा शब्द बूटच्या ओळीत, म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्सला मिळणाऱ्या सूचनांत, घालतो. मिंट बसवून झाल्यावर तो शब्द तिथे उरला आहे का ते तिनं आवर्जून बघितलं आणि काढला. तो राहिला तर नूव्हो नीट चालूच होत नाही आणि पडदा पुन्हा त्या ताणलेल्या आकारात अडकतो. जुन्या कार्डांवर लिनक्स टाकणारे बरेच जण इथेच हरतात आणि कार्डाला नावं ठेवतात.

दुसऱ्या मशीनमध्ये रेडिऑन एचडी ५४५० होतं. विंडोजवर याची कहाणी जुलै २०१५ च्या कॅटॅलिस्ट १५.७.१ पाशी आणि त्यानंतरच्या एका बीटा आवृत्तीपाशी संपते. लिनक्सवर मात्र चित्र वेगळं आहे. एएमडीनं २००७ सालापासून आपल्या चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि त्यातून ‘रेडिऑन’ हा मुक्त ड्रायव्हर चांगला पिकला. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू होताच पूर्ण आकाराचा, स्वच्छ पडदा समोर आला. काहीच शोधावं लागलं नाही. कार्यवाहांनी तिथल्या तिथे एका मुलीला बसवलं. तिनं इनस्क्रिप्ट कळफलकावर आपलं नाव टाइप केलं, मग गावाचं, मग शाळेचं, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन डिस्क पुसायला आणि मिंट कायमचं बसवायला घेतलं.